साथीच्या काळात सभागृह, जिम किंवा तलाव सांभाळायची वेळ आली तर

साथ आली की करमणुकीची ठिकाणं सगळ्यात आधी बंद होतात आणि सगळ्यात शेवटी उघडतात. मग कधीतरी आदेश येतो, 'निर्बंधांसह सुरू करण्यास परवानगी', आणि ज्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असतो त्याची झोप उडते. नाट्यगृह असो, जिम असो, पोहण्याचा तलाव असो की मुलांचं खेळघर, प्रश्न तेच. किती माणसं घ्यायची, कुठे बसवायची, दारावर काय विचारायचं आणि कुणी ऐकलंच नाही तर काय करायचं?

हे काम ज्याच्या अंगावर पहिल्यांदाच येऊन पडलंय, त्याच्यासाठी हा लेख. कोविडच्या काळात मी एका सभागृहाची व्यवस्था पाहत होतो. पहिले दोन महिने आमचा निम्मा वेळ दारांच्या मुठी पुसण्यात गेला, आणि खिडक्या मात्र बंदच होत्या. त्यामुळे पुढे जिथे मी जरा ठासून बोललोय, तिथे आमचे हात पोळले आहेत असं समजा.

पायरी १: हा आजार पसरतो कसा, ते आधी विचारा

सगळे नियम या एका प्रश्नावर उभे असतात. श्वासातून पसरणाऱ्या आजारात हवा, अंतर, मास्क आणि वेळ महत्त्वाची. नोरोव्हायरससारखा पोटाचा विषाणू असेल तर खेळ वेगळा: तिथे अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं कामाचं नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात, आणि स्वच्छतागृहाची सफाई सगळ्यात वरच्या क्रमांकावर येते. मागच्या साथीत चाललेली यादी पुढच्या साथीत डोळे मिटून भिंतीवर लावू नका.

कोविडमध्ये नेमका इथेच घोळ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटलं. त्याच्या आदल्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण, सुमारे अडीच तास. दारात सॅनिटायझर होतं, हस्तांदोलनं आणि मिठ्या टाळल्या होत्या. तरी त्यांतले ५३ जण आजारी पडले. ३३ जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली, २० जणांना लक्षणांवरून संशयित धरलं गेलं, दोघे दगावले. हात स्वच्छ होते, पण खोलीतली हवा सगळे मिळून वापरत होते, तीही गळा मोकळा सोडून गाताना.

पुढचं सगळं श्वासातून पसरणारा आजार धरून लिहिलंय, कारण करमणुकीची ठिकाणं बंद करायची वेळ बहुधा त्यामुळेच येते.

पायरी २: आदेश वाचा, बातमी नव्हे

'पन्नास टक्के क्षमतेने सुरू' ही बातमी झाली. आदेशात त्याच्याखाली सहा-सात उपकलमं असतात आणि खरी मेख तिथे असते. मूळ आदेश मिळवा, छापून घ्या आणि पेन घेऊन बसा. कुणी काढला, कधीपासून कधीपर्यंत लागू, कोणत्या प्रकारच्या जागेला लागू, आणि 'करावे' कुठे आहे, 'करणे इष्ट' कुठे आहे, यावर खुणा करा. पहिलं बंधन असतं, दुसरी सूचना.

एकाच इमारतीला दोन-तीन प्रकारचे नियम लागू होतात, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. सभागृहाला एक, आतल्या उपाहारगृहाला दुसरा, वरच्या नृत्यवर्गाला तिसरा. दोन नियम भिडले तर कडक तो पाळा आणि ज्या कार्यालयाने आदेश काढला तिथे लेखी विचारा. फोनवर मिळालेलं 'चालेल हो' तपासणी आली की कुणालाच आठवत नाही.

प्रत्येक आदेशाची प्रत तारखेनिशी एका फाइलमध्ये लावत जा. नवा आला की जुन्यावर आडवी रेघ मारा, पण फेकू नका. नंतर कुणी 'त्या दिवशी तुम्ही एवढी माणसं कशी घेतली' असं विचारलं तर तीच फाइल तुमच्या बाजूने बोलते.

पायरी ३: प्रेक्षक होऊन एक फेरी मारा

मोजपट्टी घ्या आणि फाटकापासून चालत या. खुर्चीपर्यंत, तिथून स्वच्छतागृहात, परत, मग बाहेर. रोज मागच्या दाराने आत येणाऱ्या माणसाला स्वतःची जागा कधी नीट दिसतच नाही. गर्दी खुर्च्यांवर होत नाही. ती होते तिकीट खिडकीशी, जिन्याच्या वळणावर, लिफ्टपुढे, पाण्याच्या नळाशी, चपला-बूट ठेवायच्या जागी. आमच्याकडे सगळ्यात वाईट जागा निघाली मध्यंतरातली स्वच्छतागृहाची बोळ. दोनशे खुर्च्यांची काटेकोर आखणी करायची आणि मग दहा मिनिटांत सगळ्यांना चार फुटी बोळात कोंबायचं! शेवटी मध्यंतरच काढून टाकलं. कार्यक्रम सव्वा तासात बसवला, उपाहारगृहवाले रागावले, पण दुसरा उपाय नव्हता.

जाण्याचा आणि येण्याचा रस्ता वेगळा करता आला तर करा. जमिनीवर बाण लावा, पण फक्त जमिनीवरच लावू नका. रांगेतल्या माणसाला पुढच्याची पाठ दिसते, पाय नाही. एक गोष्ट मात्र कितीही सोयीची वाटली तरी करायची नाही: 'एकच दार वापरा' म्हणून आपत्कालीन दाराला कुलूप किंवा साखळी. आग लागली तर साथीचे नियम कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्या दारावर 'फक्त आपत्काळात' एवढी पाटी पुरते. एकेरी मार्गात जिना येत असेल तर चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याने काय करायचं, हेही त्याच फेरीत ठरवा.

पायरी ४: हवा

इथे जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त काम इथे होतं आणि सगळ्यात कमी दिसतं. फवारणी करणाऱ्या माणसाचा फोटो काढता येतो. उघड्या खिडकीचा काढून काय करणार?

पहिलं काम फुकटातलं. सगळ्या खिडक्या उघडून बघा. रंगाने चिकटलेल्या, खिळे मारलेल्या, पडद्यामागे विसरलेल्या खिडक्या तुमच्याकडेही निघतील. मग टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी घ्या आणि एसीच्या प्रत्येक जाळीसमोर धरा. पट्टी जाळीपासून दूर ढकलली गेली तर हवा खोलीत येतेय, जाळीला चिकटली तर खेचली जातेय, नुसतीच लोंबत राहिली तर ती जाळी शोभेची आहे. आमच्या सभागृहात अकरा जाळ्या होत्या. चार शोभेच्या निघाल्या.

दुसरं, एसी चालवणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा: बाहेरची हवा किती घेतो? पुष्कळ यंत्रणा तीच हवा थंड करून पुन्हा फिरवतात. खोली गार लागते म्हणजे हवा ताजी आहे असं नाही. यंत्रात बाहेरच्या हवेची झडप असेल तर ती उघडायला सांगा. नसेल तर खिडकी आणि बाहेर फेकणारा पंखा, किंवा हेपा फिल्टरचं यंत्र. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, पण खोलीच्या मापाचं यंत्र हवं. मोठ्या हॉलच्या कोपऱ्यात एक छोटं यंत्र ठेवणं म्हणजे तलावात चमचा.

तिसरं, थोडा हिशेब. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा. समजा २० बाय १२ बाय ५, म्हणजे १,२०० घनमीटर. पंखे आणि एसी मिळून ताशी ६,००० घनमीटर ताजी हवा देत असतील तर हवा ताशी ५ वेळा बदलते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी मे २०२३ मध्ये माणसांच्या वावराच्या जागांसाठी हाच, ताशी किमान ५ चा आकडा सुचवला. मात्र 'हवा ५ वेळा बदलते' म्हणजे बारा मिनिटांत खोली साफ होते असं समजू नका. जुनी हवा नव्या हवेत मिसळत असते. ताशी ५ बदलांत हवेतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ५५ मिनिटं लागतात, १२ बदलांत २३. दोन खेळांमधला वेळ यावरून ठरवा, झाडूवाल्याला लागणाऱ्या वेळावरून नाही.

इतकं गणित नको असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र आणा. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. माणसं बसलेल्या खोलीत आकडा ८०० च्या आत राहिला तर हवा बरी खेळतेय असं धरा. वर चढत गेला तर लोक एकमेकांनी सोडलेला श्वास घेतायत. यंत्र खिडकीत किंवा कुणाच्या तोंडाजवळ ठेवू नका. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, खोलीच्या मध्याजवळ ठेवा, आणि एकाच ठिकाणी मोजून खूश होऊ नका. आम्ही खालचा आकडा पाहून समाधानात होतो. एक दिवस सहज बाल्कनीत नेलं तर तिथे जवळपास दुप्पट. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलो होतोच. बाल्कनी त्या दिवसापासून बंद. आणि हो, फिल्टर विषाणू अडवतो, कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. त्यामुळे फिल्टर लावलेल्या खोलीत आकडा चढलेला दिसला तर तो तेवढ्या प्रमाणात माफ.

पायरी ५: माणसं किती? टक्क्यांवर विसंबू नका

आदेशात टक्के असतात, खुर्च्या मात्र तुमच्या असतात. दोन्ही हिशेब करा आणि जो आकडा लहान येईल तो धरा.

वीस खुर्च्यांची एक ओळ घ्या. खुर्ची साधारण अर्ध्या मीटरहून थोडी रुंद, दोन ओळींत साधारण ९० सेंटिमीटर. 'एक सोडून एक' बसवलं तर शेजाऱ्याचं अंतर एक मीटर होतं, पण मागच्याचं तोंड तुमच्या मानेपासून ९० सेंटिमीटरवरच. म्हणून ओळही एक सोडून एकच हवी. आता राहिलेल्या ओळीत दोन गटांमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या ठरल्या. एकेकटे प्रेक्षक आले तर ओळीत ७ बसतात. जोडीजोडीने आले तर १०. चौघांची कुटुंबं आली तर तीन कुटुंबं आणि शेवटी एक जोडी, म्हणजे १४. ओळ तीच, खुर्च्या त्याच. शिवाय निम्म्या ओळी रिकाम्या, म्हणजे पूर्ण सभागृह १७ ते ३५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी भरणार. आदेशात पन्नास लिहिलं असलं आणि सोबत अंतराचीही अट असली, तर पन्नास कधी भरतच नाही. निर्मात्याला, आयोजकाला हे तिकीटविक्रीआधी सांगा. नंतर सांगायला गेलात तर भांडण ठरलेलं.

तिकिटं गटानेच विका. नवरा-बायकोला एक खुर्ची सोडून बसवलं तर दिवे मालवले की ते सरकतात, आणि सरकताना तिसऱ्याच्या जवळ जातात. एका घरातून एकत्र आलेल्यांना एकत्रच बसू द्या.

उभ्या जागेत, म्हणजे प्रदर्शन, खेळघर, नृत्याचा हॉल अशा ठिकाणी, मोकळी जमीन मोजा. दोन मीटरचं अंतर हवं असेल तर माणशी ४ चौरस मीटर धरा. २४० चौरस मीटरच्या हॉलमध्ये मंच आणि टेबलांनी ४० अडवले तर उरले २००, म्हणजे ५० माणसं, तीही स्थिर उभी राहिली तर. फिरणाऱ्या माणसांना जास्त जागा लागते. कर्मचारी याच आकड्यात धरा. ते श्वास घेतातच.

पायरी ६: दारावर

तापमान मोजायची बंदूक हे दारावरचं सगळ्यात लाडकं खेळणं. ठेवायची तर ठेवा, आदेशात असेल तर ठेवावीच लागेल, पण तिच्यावर भिस्त नको. उन्हातून आलेल्या कपाळाचा आकडा वेगळा येतो, घामेजल्याचा वेगळा. शिवाय कोविडमध्ये लक्षणं दिसण्याआधी किंवा अजिबात न दिसताही माणूस आजार पसरवू शकत होता. त्याला ताप नसतोच.

तापमापकापेक्षा जास्त काम करते ती तिकिटाची परतफेड. पैसे परत मिळत नसतील तर खोकणारा माणूस गोळी घेऊन येईल आणि 'काही नाही, जरा ॲलर्जी आहे' म्हणेल. 'बरं वाटत नसेल तर येऊ नका, पैसे परत किंवा पुढची तारीख, कागद दाखवायची गरज नाही' हे वाक्य तिकिटावर छापा. काही लोक गैरफायदा घेतील. घेऊ द्या.

संपर्क शोधायला नावं लिहून घ्यावी लागत असतील तर उघडी वही दारात ठेवू नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तशीच वही होती, एका तरुणीने नाव लिहिलं, वरची पंचवीस नावं-नंबर वाचले आणि विचारलं, "म्हणजे माझ्यानंतर येणारे सगळे माझा नंबर बघणार?" दुसऱ्या दिवशीपासून सुट्या चिठ्ठ्या आणि कुलपाची पेटी. चिठ्ठीवर नाव, फोन, तारीख, वेळ आणि खुर्चीचा क्रमांक, बस्स. किती दिवस ठेवायच्या ते आदेशात असतं. इंग्लंडमध्ये २१ दिवसांचा नियम होता. मुदत संपली की फाडून टाका, आणि जाहिरातीचे संदेश पाठवायला ते नंबर कधीही वापरू नका. एकदा वापरलेत की पुढच्या वेळी लोक खोटे नंबर लिहितात.

दारावर कोण उभं करायचं? सगळ्यात नवखा, सगळ्यात तरुण मुलगा तिथे उभा करायची पद्धत आहे. ती मोडा. तिथे वयाने आणि आवाजाने जरा भारदस्त माणूस हवा, आणि त्याला वाक्यं आधीच पाठ हवीत. आमची साधारण अशी होती:

"काका, मास्क जरा नाकावर घ्या. नसला तर हा घ्या नवा."

"ताई, आत आधीच ठरलेली माणसं झालीत. दहा मिनिटं इथे सावलीत थांबता का? नाहीतर संध्याकाळच्या खेळाचं बदलून देतो."

"साहेब, नियम मी केलेला नाही, पण मोडला तर उद्या बंद आम्हाला करावं लागेल."

तिसऱ्या वाक्यानंतरही ऐकत नसेल तर वाद घालायचा नाही, व्यवस्थापकाला बोलवायचं. वाद घालताना दोघंही मोठ्याने बोलतात, आणि मोठ्याने बोलणं हेच तर टाळायचंय. ओठांवरून बोलणं समजून घेणारे, कमी ऐकू येणारे लोक येतात, त्यांच्यासाठी दारावरच्या माणसाकडे पाटी-खडू ठेवा. कान बधिर असलेल्या माणसाशी मास्कआडून ओरडण्यात काही अर्थ नसतो.

पायरी ७: आत, जागेनुसार

गाणं, व्यायाम आणि गोंगाट ही तीन ठिकाणं सगळ्यात अवघड. दक्षिण कोरियातल्या चॉनान शहरात फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये नृत्य-व्यायामाच्या वर्गांतून १२ केंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. वर्ग ५० मिनिटांचे, खोल्या लहान, माणसं धापा टाकणारी. त्यातल्याच एका प्रशिक्षकाने योग आणि पिलाटेसचेही छोटे वर्ग घेतले होते. त्या वर्गांत कुणालाच लागण झाल्याचं आढळलं नाही. शिकवणारा तोच, फरक होता तो जोराच्या श्वासात आणि डोक्यांच्या संख्येत.

म्हणून जिममध्ये यंत्रांमधलं अंतर वाढवण्यासोबत व्यायामाचा जोर आणि वेळही बघा. धावपट्ट्या खिडकीजवळ हलवा, वजनं आत ठेवली तरी चालतात. सोलने जुलै २०२१ मध्ये एक भन्नाट नियम काढला होता: सामूहिक व्यायामवर्गात मिनिटाला १२० ठोक्यांपेक्षा जलद संगीत नको आणि धावपट्टीचा वेग ताशी ६ किलोमीटरपेक्षा जास्त नको. जगभर त्याची थट्टा झाली. पण थट्टा करणाऱ्यांनी एकदा श्वासांचा हिशेब केला असता तर कळलं असतं की नियम विचित्र असला तरी वेडा नव्हता. तुमच्याकडे संगीत मंद ठेवण्याचं दुसरंही कारण आहे: मोठ्या आवाजात माणसं एकमेकांच्या कानाशी येऊन ओरडतात. आवाजाचं बटण हे तुमच्या हातातलं अंतराचं साधन आहे. जपानमधल्या करमणूक उद्यानांनीही २०२० मध्ये रोलर कोस्टरवर ओरडू नका असं सांगितलं होतं.

जलतरण तलावात पाण्याची भीती फारशी नको. पाण्यात मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ राखला तर पाणी सुरक्षित राहतं. धोका काठावर, गप्पा मारणाऱ्या घोळक्यात आणि कपडे बदलायच्या कोंदट खोलीत असतो. लोकांना घरूनच पोहण्याच्या कपड्यांत यायला सांगा. पाण्यात मास्क घालायचा नाही, ओला मास्क श्वास अडवतो.

उघड्यावरची ठिकाणं सोपी, फक्त फाटकापाशी आणि शेवटच्या अर्ध्या तासात लक्ष ठेवा. बोलिंगचे बूट, खेळघराची खेळणी, थ्रीडी चष्मे वापरानंतर साबणाने पुसा आणि पुढे व्हा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांनी एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोविड होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहून कमी. सफाई करायचीच, पण प्रेक्षकांना दिसावी म्हणून धूर सोडत फिरणं हे नाट्यगृहात मंचावर शोभलं तर शोभलं.

सगळी काळजी एकत्र घेतली तर काय होतं, याची एक परीक्षा बार्सिलोनात डिसेंबर २०२० मध्ये झाली. बंद जागेत संगीताचा कार्यक्रम, सुमारे ४६० प्रेक्षक, त्याच दिवशीची अँटिजेन चाचणी, सगळ्यांना एन-९५ मास्क, हवा खेळती, पण अंतराची अट नाही. आत गेलेल्यांत पुढे एकाही संसर्गाची नोंद झाली नाही. बाहेर ठेवलेल्या जवळपास तेवढ्याच गटात दोन झाले. यावरून 'कार्यक्रम सुरक्षित' असा अर्थ काढू नका. चाचणी, मास्क आणि हवा या तिन्हींतला एखादा धागा काढला असता तर काय झालं असतं, हे त्या परीक्षेने सांगितलेलं नाही.

पायरी ८: आपली माणसं

प्रेक्षक दोन तास थांबतो, तुमचा तिकीटवाला दहा. पहिला धोका त्याला. त्याला चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या आणि तो बदलायला पुरेसे द्या. जेवणाच्या वेळा वेगवेगळ्या ठेवा. कर्मचाऱ्यांची छोटी खोली, तिथे मास्क काढून चहा पिणारी चार माणसं, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. बाहेर प्रेक्षकांना शिस्त लावून ते तिथे गप्पा मारत बसले होते, आणि मीही त्यांच्यात होतो.

दोन तुकड्या करा, ज्या एकमेकींना भेटत नाहीत. एकीत आजार आला तर दुसरी जागा चालू ठेवते. आणि आजारी पडल्यास पगार कापला जाणार नाही हे तोंडी नाही, लिहून द्या. पगार कापणार असेल तर तुमचा माणूसही प्रेक्षकाप्रमाणेच 'जरा ॲलर्जी आहे' म्हणेल.

पायरी ९: रुग्ण निघाला तर

निघेलच कधीतरी. त्या दिवशी घाबरून सगळं बंद करून पळू नका आणि लपवूही नका. क्रम असा: आरोग्य विभागाला कळवा, त्या खेळाच्या चिठ्ठ्या काढा, त्या माणसाची खुर्ची कोणती आणि वेळ कोणती ते पाहा. खोली रिकामी करून खिडक्या उघडा, मगच सफाई. लोकांना कळवताना त्या माणसाचं नाव सांगायचं नाही. 'अमुक तारखेच्या अमुक खेळाला आलेल्या एका प्रेक्षकाला लागण झाल्याचं कळलं आहे. लक्षणांकडे लक्ष ठेवा, चाचणी इथे होते' इतकं पुरे. कुजबुज होणारच. पण नाव तुमच्या तोंडून गेलं की पुढचा आजारी माणूस तुम्हाला कळवणार नाही.

पायरी १०: पुन्हा उघडताना, आणि निर्बंध उठताना

काही महिने बंद राहिलेली इमारत उघडताना साथीव्यतिरिक्त एक धोका नळात बसलेला असतो. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. उघडण्याच्या आधी सगळे नळ आणि शॉवर भरपूर वेळ सोडून पाइप धुवा, शॉवर सोडताना तोंड जवळ नेऊ नका, गरम पाण्याची टाकी ६० अंश सेल्सिअसवर ठेवा. जिम आणि तलावांत ही पायरी हमखास राहून जाते, कारण सगळ्यांचं लक्ष मास्ककडे असतं.

निर्बंध उठताना घाई सगळ्यांनाच असते. १९१८ च्या फ्लूत अमेरिकेतल्या सेंट लुइस शहराने ७ ऑक्टोबरला नाट्यगृहं वगैरे लवकर बंद केली आणि साथ बरीच आटोक्यात ठेवली. फिलाडेल्फियात मात्र २८ सप्टेंबरला सुमारे दोन लाखांच्या गर्दीची मिरवणूक निघाली होती आणि दवाखाने काही दिवसांतच तुडुंब भरले. पण त्याच सेंट लुइसने नोव्हेंबरमध्ये निर्बंध सैल केले, रुग्ण वाढले आणि ते पुन्हा लावावे लागले. तेव्हा आदेशाने जेवढं सोडलं तेवढं एकाच दिवशी सोडायची सक्ती तुमच्यावर नाही. आधी अंतर कमी करा, मग मध्यंतर परत आणा, मास्क सगळ्यात शेवटी. हवेला तर हात लावूच नका. जास्तीची खिडकी उघडी राहिली म्हणून कुठला तपासनीस दंड करत नाही.

जमिनीवरच्या पट्ट्या पहिल्या आठवड्यातच काढा. उशीर झाला तर चिकट गोंद फरशीवर राहतो आणि त्यावर धूळ बसून पट्टी गेल्यावरही पट्टीच दिसते. आमच्या तिकीट खिडकीसमोर असे तीन चौकोन अजून आहेत. लोक अजूनही त्यावर उभे राहतात.